टेबल तोंडपाठ, मेल चुकीचा: फ्रेंचच्या फ्युतूर आंतेरिअरचं एक प्रकरण

प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. वय तिशीच्या आसपास, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, शाळा मराठी मीडियम, इंग्लिश कॉलेजपासून. फ्रेंच हौसेने सुरू केलं आणि मग ऑफिसात कळलं की हिला फ्रेंच येतं, झालं, तेव्हापासून फ्रान्समधल्या लिओं शहरातल्या क्लायंटला जाणारे स्टेटस मेल हिच्याच गळ्यात. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेची बी-१ पातळी पास झालेली, बी-२ ची तयारी माझ्याकडे चालू होती. नाव, कंपनी काही सांगत नाही, मेलमधले तपशील पण बदललेत, व्याकरण तेवढं जसंच्या तसं ठेवलंय. आणि फ्रेंच शब्द इथे कानाला साधारण जसे येतात तसे लिहिलेत, जिथे न ऐकू येणाऱ्या अक्षराचा घोळ आहे तिथे वेगळं सांगेन.

झालं असं की तिने एका गुरुवारी पुढच्या कामाचा प्लॅन क्लायंटला मेल केला आणि थोड्या वेळाने उत्तर आलं, "केस की ब्लोक?" म्हणजे अडलंय कुठे? हिला कळेना, कारण अडलं काहीच नव्हतं, उलट हिने लिहिलं होतं की १५ तारखेच्या आत सगळं दिलेलं असेल. मग तिने तो मेल मला दाखवला. त्यात भविष्यात कधीतरी पूर्ण झालेल्या कामाबद्दल पाच वाक्यं होती, पाचही चुकीची, आणि गंमत म्हणजे पाचही वेगवेगळ्या कारणाने चुकीची. शिकवणाऱ्याला असा मेल क्वचित मिळतो.

वाक्यं अशी. पहिलं, "कां झे फिनी ले तेस्त, झ वूझांवेरे ल रापोर", म्हणायचं होतं की टेस्टिंग झालं की रिपोर्ट पाठवते. दुसरं, "वांद्रदी स्वार, झ सरे तेर्मिने ला पार्ती पेमां", शुक्रवारी संध्याकाळी पेमेंटचा भाग संपवलेला असेल. तिसरं, "लँदी, झोरे एक्रीत ले नोत", सोमवारी मी नोट्स लिहिलेल्या असतील. चौथं, "सी वूझोरे वालिदे, नू पुरों कोमांसे", तुम्ही अप्रूव्ह केलं असेल तर आपण सुरू करू शकू. पाचवं, ज्याने क्लायंटला कामाला लावलं ते, "आवां ल कँझ, झोरॅ तू लिव्रे", १५ च्या आत सगळं दिलेलं असेल.

ज्यांना फ्रेंच येत नाही किंवा विसरलंय त्यांच्यासाठी हा काळ म्हणजे काय ते पटकन सांगते. पुढे एखादा क्षण येणार आहे आणि त्या क्षणी काम आधीच उरकलेलं असणार आहे, तेव्हा फ्युतूर आंतेरिअर वापरतात. बनवायला सोपा: आव्वार (जवळ असणे) किंवा एत्र (असणे) यातलं एक सहायक क्रियापद साध्या भविष्यकाळात घ्यायचं आणि पुढे मुख्य क्रियापदाचं पार्तिसीप पासे, म्हणजे आपल्या "केलेलं", "गेलेलं" सारखं रूप, ठेवायचं. आव्वारचं झोरे, त्यु ओरा, इल ओरा, नूझोरों, वूझोरे, इलझोरों आणि एत्रचं झ सरे, त्यु सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों. म्हणजे "झोरे फिनी" माझं संपवून झालेलं असेल, "एल सरा पार्ती" ती निघालेली असेल. पासे कोंपोझे, म्हणजे रोजचा "केलं", "झालं" वाला भूतकाळ, ज्याला येतो त्याला यात नवीन पाठ करायला काहीच नाही, प्री, मी, फे, दी, व्यु, ल्यु, ऊवेर, सगळी पार्तिसीप तीच, सहायक क्रियापद निवडायचे नियम तेच, फक्त ते सहायक वर्तमानातून भविष्यात ढकलायचं. नकार द्यायचा तर न आणि पा सहायकाच्या दोन बाजूंना, "झ नोरे पा फिनी", कर्माचं सर्वनाम सहायकाच्या आधी, "झ लोरे फिनी". संपलं, टेबल एवढंच आहे.

आणि तिला हे टेबल येत होतं. हे महत्त्वाचं, कारण असा मेल बघितला की कोणीही आधी म्हणेल जा, रूपं पाठ करून ये. मी तिला कोरा कागद दिला, प्राँद्र (घेणे), वनीर (येणे) आणि स लवे (उठणे) या तीन क्रियापदांची सगळी रूपं लिहून घेतली, एक चूक नाही, "नू नू सरों लवे" मध्ये शेवटचं न ऐकू येणारं एस सुद्धा जागेवर. मग पुस्तकातला ठरलेला व्यायाम दिला, कंसात मूळ क्रियापद असतं आणि गाळलेली जागा भरायची, तोही जवळपास सगळा बरोबर. तरी मेल तसा का?

कारण सरळ आहे, पुस्तकात धड्याच्या डोक्यावरच काळाचं नाव छापलेलं असतं, कोणता काळ वापरायचा हा प्रश्नच विद्यार्थ्याला पडत नाही. मग मी तिसरा प्रकार केला, व्हॉट्सॲपवर आपण टाइप करतो तशी मराठी वाक्यं दिली, "जेवण झालं की कॉल करते", "बाबा पोचले असतील तर रिप्लाय देतील", "तू येशील तेव्हा आम्ही निघालेलो असू", मधूनमधून साध्या भूतकाळाची, साध्या भविष्याची वाक्यं घुसडली, आणि वर काळाचं नाव वगैरे काही लिहिलं नाही. इथे सगळं कोसळलं, आणि बरोबर मेलमधल्याच पाच जागी कोसळलं.

आता या चुका आल्या कुठून हे शोधणं मला सगळ्यात आवडलं. फ्रेंच शिकवणाऱ्यांची एक सवय आहे, चूक दिसली की म्हणायचं इंग्लिशमधून विचार करतेस म्हणून होतंय. तीही तेच म्हणाली, "मॅडम, ऑफिसात दिवसभर इंग्लिश, डोकंच तसं झालंय." पण चौथं वाक्य बघा. इंग्लिशमधून आली असती तर तिने "सी वूझावे वालिदे" लिहिलं असतं, कारण इंग्लिशमध्येही इफच्या मागे विल येत नाही, आणि ते फ्रेंचमध्ये चक्क बरोबर ठरलं असतं. दुसरंही तसंच, इंग्लिशच्या विल हॅवमधून कोणी एत्रकडे जाणार नाही, हॅव म्हटलं की हात आपोआप आव्वारकडे जातो. म्हणजे ऑफिसच्या इंग्लिशखाली तिचं डोकं अस्सल मराठीतच चालू होतं. मेलमधलं प्रत्येक वाक्य मी मराठीत म्हणून बघितलं आणि सगळ्या चुका उलगडत गेल्या.

आधी पहिलं आणि चौथं एकत्र घेऊ, कारण खरा पेच तिथे आहे. मराठीत आपण म्हणतो "टेस्टिंग झालं की पाठवते". टेस्टिंग अजून व्हायचंय, तरी आपण "झालं" म्हणतो, भूतकाळी रूप, आणि आपल्याला त्यात काही खटकत नाही. हे जसंच्या तसं फ्रेंचमध्ये नेलं की "कां झे फिनी" होतं. फ्रेंचला ते चालत नाही, मुख्य वाक्य भविष्यात असेल तर कां, लोर्स्क, दे क, ओसितो क, युन फ्वा क, आप्रे क या "जेव्हा", "होताच", "झाल्यावर" अशा अर्थाच्या शब्दांमागे जे आधी उरकायचंय ते फ्युतूर आंतेरिअरमध्येच हवं: "कां झोरे फिनी ले तेस्त, झ वूझांवेरे ल रापोर". आता "तर" बघा. "तुम्ही अप्रूव्ह केलं असेल तर", इथे आपण मजेत "असेल" टाकतो. पण फ्रेंचमध्ये अट सांगणाऱ्या सी च्या मागे भविष्यकाळ येतच नाही, साधाही नाही आणि हाही नाही, तिथे पासे कोंपोझे हवा, "सी वूझावे वालिदे".

म्हणजे बघा काय झालं. जिथे फ्रेंचला "असेल" पाहिजे तिथे मराठी "झालं" देते, आणि जिथे फ्रेंचला "झालं" पाहिजे तिथे मराठी "असेल" देते. पूर्ण अदलाबदल. आणि आपण हा काळ शिकवतो तेव्हा टेबलवर अख्खा तास घालवतो आणि या अदलाबदलीवर कोणी दोन मिनिटं घालवत नाही, कारण पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेलीच नसतात, त्यांच्या यादीत ही चूक येणार कुठून.

यावर "मराठीत विचार करू नकोस" असं सांगून काही होत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण मुद्दाम कोणी मराठीत विचार करत नसतंच, तो आपोआप होतो. मी उलट केलं. तिला सांगितलं, "मराठीतच विचार कर, फक्त फ्रेंचमध्ये जायच्या आधी मराठी वाक्य जरा वाकवून घे." "की" दिसला की तो काढायचा आणि "असेल तेव्हा" घालायचं. "टेस्टिंग झालं की पाठवते" हे मनात "टेस्टिंग झालेलं असेल तेव्हा पाठवेन" करायचं. असं मराठीत कोणी बोलत नाही, ऐकायला सरकारी पत्रकासारखं वाटतं, पण त्याचा प्रत्येक तुकडा फ्रेंचवर बसतो, असेल म्हणजे ओरा, तेव्हा म्हणजे कां, पाठवेन म्हणजे साधा भविष्यकाळ. आणि "तर" दिसला की "असेल" पुसायचं, "केलं असेल तर" चं "केलंय तर" करायचं, की "वूझावे वालिदे" समोर उभं. "जेवण झाल्यावर" सारखी वाक्यं आली की दोन्ही कामं करणारा माणूस एकच आहे का ते बघायचं, एकच असेल तर या काळाच्या भानगडीत न पडता "आप्रे आव्वार मांझे" म्हणून मोकळं व्हायचं, तिथे फ्रेंच माणूसही बहुतेक तेच करेल.

यात एक फाटा आहे, तो तिनेच काढला. म्हणाली, "मग मला माहीत नाही माझं संपलं असेल की नाही, हे कसं म्हणायचं? तिथेही सीच ना?" हो, सीच, पण हा अटीचा सी नाही, शंकेचा आहे, आणि त्याच्या मागे भविष्य खुशाल चालतं, "झ न से पा सी झोरे फिनी". ओळखायचं कसं, तर पुन्हा मराठीनेच. मराठीत "तर" येत असेल तर भविष्य बंद, "की नाही" येत असेल तर चालू. इतकी साधी कसोटी इंग्लिशमधून शिकणाऱ्याला मिळत नाही, त्याला इफ आणि व्हेदर घोळवत बसावं लागतं.

दुसरं वाक्य, "झ सरे तेर्मिने". मराठीत पूर्ण झालेल्या गोष्टीला सहायक एकच, असणे. गेलेली असेल, खाल्लेलं असेल, वाचलेलं असेल, पडलेला असेल, सगळीकडे असेल. असणे म्हणजे एत्र हे पहिल्याच आठवड्यात डोक्यात बसलेलं, त्यामुळे मराठी विद्यार्थी दमला किंवा घाईत असला की सगळं एत्रने करतो. यात विनोद होतात. "झ सरे मांझे" लिहिलं तर अर्थ मी जेवलेली असेन असा होत नाही, मला कोणीतरी खाईल असा होतो. हे सांगितल्यावर ती इतकी हसली की ती चूक मांझेपुरती तरी कायमची गेली.

बाकीच्यांसाठी एत्र घेणाऱ्या, जाणे-येणे-पडणे अशा अर्थाच्या क्रियापदांची यादी सगळे पाठ करतात, आले, वनीर, आरीवे, पार्तीर, आंत्रे, सोर्तीर, मोंते, देसांद्र, तोंबे, रेस्ते, रतूर्ने, नेत्र, मुरीर, द्वनीर आणि त्यांची भावंडं, वर त्यांच्या आद्याक्षरांचा इंग्लिशमधला तो डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रँप नावाचा फॉर्म्युला. असू दे. पण मराठीवाल्याकडे एक अर्धी कसोटी फुकटात आहे. क्रियापद तृतीय पुरुषात भूतकाळात म्हणून बघायचं, "ने" लागला तर बहुतेक आव्वार. तिने वाचलं, तिने पाठवलं, तिने संपवलं, सगळी आव्वारची. "ने" नाही लागला तर मात्र लगेच एत्र समजायचं नाही. ती गेली, ती आली, ती पडली ही एत्रची, पण ती झोपली, ती धावली, ती हसली याही बिन-नेच्याच आणि फ्रेंचमध्ये आव्वारच्या, आणि ती विसरली, ती शिकली, ती चहा प्यायली यांना तर कर्म असूनही मराठी ने लावत नाही, फ्रेंचमध्ये तीही आव्वारचीच. म्हणजे कसोटी एकाच बाजूने चालते, ने असेल तर बहुतेक आव्वार, नसेल तर यादी उघड. आणि स लागणारी, म्हणजे स्वतःवरच किंवा एकमेकांवर होणारी क्रियापदं यातून बाहेर ठेवायची, "तिने आंघोळ केली" ला ने असला तरी स लावे एत्रच घेतं.

एका ठिकाणी मात्र मराठी फ्रेंचपेक्षा जास्त स्पष्ट आहे आणि ते शिकवताना मला नेहमी बरं वाटतं. मोंते, देसांद्र, सोर्तीर, रांत्रे, पासे ही मंडळी कधी एत्र घेतात कधी आव्वार, आणि जगभरचे विद्यार्थी इथे रडतात. "एल सरा देसांद्यु" आणि "एल ओरा देसांद्यु ला वालीझ", क्रियापद एकच, सहायक बदललं. मराठीत आपल्याकडे दोन क्रियापदंच वेगळी आहेत, ती उतरली असेल आणि तिने बॅग उतरवली असेल. चढणे चढवणे, बाहेर पडणे बाहेर काढणे. स्वतः उतरली तर एत्र, काहीतरी उतरवलं तर आव्वार. हे तिला सांगितल्यावर तिने विचारलं की मग हे बी-१ ला कोणी का नाही सांगितलं, त्यावर मी काही बोलले नाही.

तिसऱ्या वाक्यात "झोरे एक्रीत ले नोत" आहे, हवं होतं "झोरे एक्री ले नोत". इथे तिने पार्तिसीपला नोट्सचं लिंग-वचन लावलं. का लावलं ते मराठी माणसाला सांगायला नको, मी पत्र लिहिलं, मी चिठ्ठी लिहिली, मी नोट्स लिहिल्या, आपलं क्रियापद कर्माच्याच मागे चालतं. फ्रेंचमध्येही आव्वारबरोबर पार्तिसीप कर्माच्या मागे चालतं, पण कर्म आधी येऊन गेलं असेल तरच. "ले नोत क झोरे एक्रीत", मी ज्या नोट्स लिहिलेल्या असतील त्या, इथे नोत आधी आल्या म्हणून एक्रीत. नोत नंतर येणार असतील तर पार्तिसीपला अजून पत्ताच नाही कोण येतंय, ते तसंच कोरं राहतं. इंग्लिश माध्यमातली मुलं इथे जुळवणीच विसरतात, मराठीवाले जरुरीपेक्षा जास्त जुळवतात. बहुतेक क्रियापदांत ही चूक कानाला कळत नाही, नुसतं स्पेलिंग बिघडतं, पण एक्रीत, मीझ, प्रीझ, फेत, ऊवेर्त यांच्यात ऐकू येते.

पाचव्या वाक्याला व्याकरणाची चूक म्हणायचं की टायपिंगची हा प्रश्नच आहे. झोरे च्या शेवटी ए आणि आय ही दोन अक्षरं असली तर फ्युतूर आंतेरिअर, पुढे एक एस लागला तर कोंदिस्योनेल पासे, म्हणजे "दिलं असतं". "१५ च्या आत सगळं दिलेलं असेल" चं "१५ च्या आत सगळं दिलं असतं" झालं, साहजिकच समोरच्याने विचारलं, असतं म्हणजे? पण काय? अडलंय कुठे? व्याकरणाच्या पुस्तकात या दोघांचे उच्चार वेगळे दिलेले असतात, शेवटचा स्वर एकाचा बंद, एकाचा उघडा, पण आज अनेक फ्रेंच लोकांच्या बोलण्यात तो फरक उरलेला नाही आणि त्यांच्याही लिखाणात हा घोळ सर्रास असतो. उपाय त्यांच्या शाळेतला आहे, वाक्य नू मध्ये म्हणून बघायचं. नूझोरों आलं तर एस नको, नूझोर्यों आलं तर एस हवा. इथे मराठी कामाला येत नाही असं मी म्हणणार होते पण येते, असेल आणि असतं यांत गोंधळणारा मराठी माणूस मी पाहिलेला नाही. फक्त मेल पाठवायच्या आधी एकदा ते मनात म्हणायला हवं.

एवढं झाल्यावर मी तिला या काळाचा दुसरा उपयोग दाखवला, जो खरं तर आधी दाखवायला हवा असं मला वाटतं, कारण मराठीवाल्याला यात काही शिकावंच लागत नाही. कोणी मीटिंगला आलं नाही, आपण म्हणतो "विसरला असेल". फ्रेंचमध्ये "इल ओरा उब्लिए". "त्याची ट्रेन चुकली असेल", "इल ओरा राते सों त्रँ". घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज, आणि काळ भविष्याचा. इंग्लिशमधून शिकणारे इथे थबकतात, भविष्यकाळात मागचं कसं सांगायचं म्हणून. तिने वाक्य ऐकलं आणि लगेच मराठीत म्हणून मोकळी. वर्तमानातला अंदाजही जुन्या पद्धतीच्या फ्रेंचमध्ये साध्या भविष्यकाळाने करतात, दाराची बेल वाजली की "स सरा ल फाक्तर", पोस्टमन असेल, अगदी आपल्यासारखं. मात्र हे जास्त करून लिहिण्याच्या भाषेत, बोलताना आजचा माणूस "इला द्यु उब्लिए" (विसरला असणार) कडे वळतो, तेव्हा क्लायंटच्या कॉलवर "इल ओरा उब्लिए" वापरून उगीच पुस्तकी वाटायला नको.

आणि याचाच उलटा सापळा बी-२ च्या वाचनात असतो. फ्रेंच वर्तमानपत्रात वाक्य येतं, "इल ओरा फाल्यु दझां पूर...", आणि मराठी डोकं झटकन म्हणतं "दोन वर्षं लागली असतील", म्हणजे पत्रकार अंदाज करतोय. तो अंदाज करत नाहीये. दोन वर्षं लागलीच आहेत, पक्की, तो फक्त शेवटाला उभं राहून मागचा हिशोब मांडतोय, "अखेर दोन वर्षं लागली" असा सूर. खेळाडू निवृत्त झाला, नेता पायउतार झाला की असली वाक्यं हमखास दिसतात. यात तिने सराव परीक्षेत एक प्रश्न घालवला होता, लेखकाला खात्री आहे की शंका, असा काहीतरी, आणि हिने शंका निवडलं. कोणती ओळ वाचून निवडलं हे विचारल्यावर हीच ओळ निघाली. वेगळं ओळखायचं तर आजूबाजूला बघायचं, माणूस समोर नाही आणि कारण माहीत नाही असा प्रसंग असेल तर अंदाज, आकडा आणि घटना पक्की दिलेली असेल तर हिशोब.

सरावासाठी मी वेगळं काही काढलं नाही. तिचेच जुने स्टेटस मेल घेतले, त्यातली की आणि तर ची वाक्यं मराठीत सांगायला लावली, वाकवायला लावली, मग फ्रेंच. दिसी वांद्रदी म्हणजे शुक्रवारपर्यंत, आवां ला फँ द्यु म्वा म्हणजे महिनाअखेरच्या आत, असे मुदतीचे शब्द दिसले की कान टवकारायचे, कारण मेलमध्ये हा काळ बहुतेक वेळा त्यांच्याच सोबत येतो. आणि हा काळ जड, साहित्यिक आहे ही तिची समजूत काढून टाकली. फ्रान्समध्ये पोरांना रोज ऐकावं लागतं, "त्यु सोर्तिरा कां त्यु ओरा फिनी ते द्वार", होमवर्क झाला की बाहेर जायचं. पाचसहा वर्षांचं पोर ज्या काळाला टेबल न बघता ओळखतं त्याला काय घाबरायचं.

बी-२ च्या लेखी भागात एक तास असतो आणि निदान २५० शब्दांचं पत्र किंवा लेख लिहायचा असतो, बहुतेक वेळा कोणाकडे तरी मागणी किंवा तक्रार. तिथे "लोर्स्क वूझोरे एतुदिए मा दमांद", माझ्या विनंतीचा आपण विचार केलेला असेल तेव्हा, असं एक वाक्य नीट बसलं तर परीक्षकाला दिसतं की बाईला मागचं-पुढचं लावता येतं. कोंबू नये, एक पुरे. तिने पत्रांच्या सरावात ते बसवलं, पुढच्या मेलांमध्ये की ची चूक जवळजवळ गेली, सी ची गेलीच, एत्र कधी कधी घाईत अजून येतं. स वाल्या क्रियापदांची जुळवणी मात्र अजून कच्ची आहे, "एल स सरा लावे" मध्ये बाई स्वतः धुतली गेली म्हणून शेवटी जास्तीचा ई लागतो आणि "एल स सरा लावे ले मँ" मध्ये हात धुतले गेले आणि ते नंतर आले म्हणून लागत नाही, "एल स सरों तेलेफोने" मध्ये तर काहीच लागत नाही कारण फोन एकमेकींना केला जातो, कर्म सरळ नाही. हे दोन्ही बाजूंनी कान बंद असलेलं प्रकरण आहे, ऐकू काहीच येत नाही, त्यासाठी वेगळा तास ठेवलाय.

कॉलवर बोलताना ती अजून बिनधास्त "कां झे फिनी, झ वूझांव्वा ल रापोर" म्हणते, पाठवेन च्या जागी पाठवते, दोन्हीकडे भविष्य गायब. मी विचारलं तर म्हणाली लिओंवाला स्वतःच तसं बोलतो. बोलतो खरा, मुख्य वाक्यही वर्तमानात असेल तर बोलण्यात ते चालून जातं. तेच लिहिलं तर मात्र ते "टेस्टिंग झालं की मी रिपोर्ट पाठवत असते" असं रोजच्या सवयीसारखंही वाचता येतं. तेव्हा मेलमध्ये झोरे, कॉलवर काय वाट्टेल ते, असं आमचं ठरलंय.